सासूबाईंचं अडलेलं वाक्य

तीर्थस्वरूप जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

वि. वि. तुमचे गुडघे आता कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही सगळे बरे आहोत, निदान अंगाने. डोक्याचं सांगवत नाही, कारण घरात इंग्रजी शिरलं आहे. (आधीच सांगते, हे पत्र मराठीत आहे, तेव्हा लाल पेन बाजूला ठेवा. मागचं पत्र तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलंत, ते मी जपून ठेवलं आहे, पण पुन्हा उघडायची छाती झालेली नाही.)

आम्ही घर बंद करून कायमचे मुलाकडे परदेशी चाललो आहोत, हे भाऊजींच्या कानावर आलंच असेल. तिथे त्याच्या मुलीला मराठीचं अक्षर येत नाही. पणतीशी बोलायचं तर तिच्या भाषेत बोलायचं, मुक्यासारखं बसायचं नाही, असं म्हणून सासूबाईंनी या वयात क्लास लावला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तो भरतो. जिना उभा, कठडा डगमगता, पण त्या एकही दिवस चुकल्या नाहीत. नाव, गाव, हवापाणी सगळं सुरळीत पार पडलं. मग तुलनेचा धडा आला. जाऊबाई, माकडाच्या हातात... (म्हण पुरी करत नाही, शेवटी त्या माझ्या सासूबाई आहेत.) तुम्हाला काय सांगायचं! माणूस दारातून आत आला की त्या त्याला मनातल्या मनात दुसऱ्या कुणाशेजारी उभा करतात. दुधवाल्यापेक्षा पेपरवाला शहाणा, शेजारणीच्या जिन्यापेक्षा आपला स्वच्छ, धाकट्या मुलापेक्षा थोरला आज्ञाधारक (तो घर सोडून जाईपर्यंत). जन्मभर फुकट केलेल्या कामाचा एक अख्खा धडा असतो, हे कळल्यावर त्यांना हुरूप आला.

पण पहिल्याच वाक्याला गाडं रुतलं. 'दॅन'च्या पुढे स्वतःला काय म्हणायचं, 'आय' की 'मी' (इंग्रजीतलं 'मी' हो, आपलं नव्हे)? मास्तर भला माणूस. तो म्हणाला, दोन्ही चालतं, कागदावर 'आय' शोभतं, तोंडी 'मी' खपतं. सासूबाईंना 'चालतं' हा शब्दच चालत नाही. त्या खालच्या मजल्यावरच्या हेडक्लार्कांकडे गेल्या. त्यांची हयात मसुदे लिहिण्यात गेलेली. ते म्हणाले, आमच्या वेळी तिथे 'मी' म्हणणाऱ्याला कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. संध्याकाळी फोनवर पणतीला विचारलं, तर ती हसून लोळायचीच बाकी राहिली. 'आय' म्हणे फक्त पुस्तकातली माणसं म्हणतात. त्यात मास्तराने नवीन काडी टाकली, की काही वाक्यांत दोहोंचा अर्थही बदलतो. तू मांजरीवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करतोस, यात 'आय' म्हटलं तर मी मांजरीवर करते त्याहून जास्त, आणि 'मी' म्हटलं तर तू माझ्यावर करतोस त्याहून जास्त. त्याच दिवशी जेवताना त्यांनी तुमच्या दिरांना इंग्रजीत सुनावलं, की तुझं टीव्हीवर जास्त प्रेम आहे, 'दॅन' आणि पुढे थांबल्या. यांनी विचारलं, आई, दोहोंतलं कोणतं? म्हणाल्या, दोन्ही. यांनी उठून टीव्ही बंद केला, आणि या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

इथवर तुम्ही हसला असाल, तर बरं वाटेल मला. आता पुढचं लिहिते.

मागल्या आठवड्यात दुपारी मी इस्त्रीचे कपडे घेऊन तुमच्या जुन्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. तुम्ही वह्या तपासायला बसायचात त्या खुर्चीत सासूबाईंनी एक उशी उभी करून ठेवली होती, आणि तिच्यासमोर पदर सारखा करून उभ्या होत्या. "यू केप्ट धिस हाउस बेटर दॅन," म्हणाल्या, आणि थांबल्या. खाकरल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबल्या. माझ्या हातातले कपडे जड झाले हो. या बाईने आजवर सगळ्या जगाला तराजूत घातलं, पण स्वतः कधी पारड्यात बसली नव्हती.

तुम्ही गेलात त्या दिवसाची आठवण मी काढणार नव्हते. पाहुण्यांदेखत त्या म्हणाल्या, थोरलीपेक्षा धाकटीच्या हाताला चव. (भाजी तुमची होती, मी नुसती वाढत होते, आणि ते मी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण पाहुण्यांची तोंडं भरलेली, कान कुणाचे मोकळे?) तुम्ही पळी खाली ठेवलीत, आणि भाऊजींनी दुसरं घर बघितलं. तेव्हापासून दोन्ही घरांत निरोप जातात, माणसं जात नाहीत.

मी आत जाऊन सरळ म्हटलं, आई, मराठीत सांगा ना त्यांना. त्या उशी झटकू लागल्या. म्हणाल्या, "मराठीत माझी जीभ वळत नाही गं. आणि इंग्रजीत चुकून कसं चालेल? तिने जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं. माफी मागायला उभं राहायचं आणि वर लाल रेघ मारून घ्यायची?" मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांना दोन्ही दिसलं असणार, पण त्यांनी तुलना केली नाही.

असो. सामान बांधून होत आलं आहे. तुमची खुर्ची आणि मोठी पातेली यांचं काय करायचं, एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं. लोभ होता तसाच असू द्या.

तुमची,
तुलनेत कारण नसताना पहिली आलेली
धाकटी

ता. क. सासूबाईंनी विचारायला सांगितलंय, की 'दॅन'नंतर नक्की काय बरोबर? 'क्लासातल्या एका बाईंना हवंय.' पाया पडते, उत्तर पोस्टाने पाठवू नका. उत्तर हातात पडलं, तर त्या वाक्यही पोस्टानेच पाठवतील, आणि परदेशातून कोण पुन्हा येतंय या वयात!

आणखी एक ता. क. खुर्ची मी बांधू दिलेली नाही. उशी काढून ठेवते, तुम्ही येऊन बसा. त्या 'आय' म्हणोत, 'मी' म्हणोत, नाहीतर 'दॅन'पाशीच गप्प राहोत, तुम्ही पैकीच्या पैकी गुण द्या.