गुडघा ठीक आहे

ती. ताईंना सलाम.

पत्र मिळालं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? (तुमची धाकटी बहीण असती तर तिने हे तीनदा विचारलं असतं. मी एकदाच विचारतो.) साखर आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. भात कधी कच्चा राहतो, कधी त्याचा लगदा होतो, मधला प्रकार अजून साधलेला नाही.

माझ्या गुडघ्याला काय झालं असं तुम्ही विचारलंत. बातमी एवढ्या लांब पोहोचली याचं नवल वाटलं नाही, थकवा मात्र आला. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. इथे कुणाला हे सांगून उपयोग होत नाही, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितो.

आमच्या चर्चमध्ये तरुण पाळक आलेत. त्यांनी एक पद्धत पाडली आहे. उपदेश संपला की ज्यांना तो मान्य असेल त्यांनी उभं राहायचं. सगळेच उभे राहतात. (लगेच शेवटचं गीत असतं, त्याला तसंही उभं राहावंच लागतं, त्यामुळे वेगळे कष्ट पडत नाहीत.) मीही राहायचो. नोकरीभर मी दुकानदारांचे तराजू तपासले. काटा शून्यावर नाही, एवढं सांगायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. वाद घालणं माझ्या स्वभावात नाही. घरात ते काम तुमची बहीण आम्हा दोघांच्या वतीने करायची.

गेल्या महिन्यात एका रविवारी विषय होता स्वर्ग. तिथे लग्न नाही, नवरा नाही, बायको नाही, ती इथली तात्पुरती सोय, वर सगळे देवदूतांसारखे मोकळे. आता हे शास्त्रात आहे, मलाही ठाऊक आहे. तरुणपणी ऐकलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. (खरं सांगायचं तर एक-दोनदा दिलासाच वाटला होता.) पण पाळकसाहेब तिथे थांबले नाहीत. माझं माणूस मला तिथे माझं म्हणून भेटेल, ही आशा शोक करणाऱ्यांनी सोडून द्यावी, ती पोरकट समजूत आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बोलताना ते सगळ्या बाकांकडे बघत होते, फक्त आमचा चौथा बाक सोडून. त्यांच्या लग्नाला चार महिने झालेत.

माझ्या शेजारी तिची उशी होती. (बाक टोचतो म्हणून जुन्या पडद्याची शिवलेली, तुम्ही पाहिली आहे.) एक्केचाळीस वर्षं माझा चष्मा कुठे आहे हे तिने मला सांगितलं आणि दाराला कुलूप लावलंय हे मी तिला सांगितलं. तिकडे चष्मा लागणार नाही, कुलूपही नसेल, मान्य. पण ती समोरून आली तर मी काय करायचं? आपण पूर्वी कुठे भेटलोय का, असं विचारायचं? आणि तिचा स्वभाव तुम्ही जाणता. हे ती चालवून घेईल असं तुम्हाला वाटतं?

तर ज्यांना मान्य आहे ते उभे राहिले. मी बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. पाळकीणबाईसुद्धा जरा उशिराच उठल्या, पण उठल्या. अख्ख्या चर्चमध्ये मी एकटा बसलेला. आता सगळे वळून बघतील, असं मनात आलं.

बघितलं. आणि मागच्या बाकावरची निवृत्त नर्स खाली वाकून म्हणाली, "अरे देवा! कुठला, उजवा की डावा?"

मी काही बोललो नाही. (इथेच चुकलं.) तिने उजवाच असं गृहीत धरलं. संध्याकाळी ती पट्टा घेऊन घरी आली, स्वतः बांधला, आणि इतका घट्ट बांधला की त्या रात्री मी खरोखर लंगडलो. पुढच्या आठवड्यात तीन जणांनी तीन मलमं आणून दिली. माझ्या घराला सध्या दवाखान्याचा वास येतो. पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या यादीत माझा गुडघा दुसऱ्या क्रमांकावर होता, पहिल्यावर पाऊसपाणी. त्या रविवारचा उपदेश क्षमेवर होता, मला पूर्ण पटला होता, मी उठायला गेलो तर दोघांनी खांदे दाबून खाली बसवलं.

मग पाळकसाहेब आणि पाळकीणबाई भेटायला आले. मी ठरवूनच ठेवलं होतं. चहा दिला आणि म्हणालो, "पाळकसाहेब, गुडघा ठीक आहे. तुमचं स्वर्गाबद्दलचं बोलणं मला पटलं नाही, म्हणून मी बसलो."

त्यांनी कप खाली ठेवला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, दुखणं लांबलं की माणूस असाच कातावतो." आणि गुडघ्यासाठी आणखी एकदा प्रार्थना केली. माणूस वाईट नाही, ताई. लहान आहे. बाहेर पडताना पाळकीणबाई चपला घालायला मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, मलाही नाही पटलं. पण मला गुडघ्याची सबब चालणार नाही."

माझ्या बाजूने एवढं एकच मत पडलं.

यानंतर सुताराने कमाल केली. मला न विचारता आमच्या बाकाला धरून उठायला लाकडी दांडा बसवला. काम चोख आहे, रंधा छान मारलाय, पैसे घेतले नाहीत. दांडा बरोबर तिच्या जागेवर उभा आहे. उशी मी घरी आणली. आता तिथे कुणालाच बसता येत नाही आणि मला त्या माणसाचे आभार मानावे लागतात. मानले.

असो. डोळ्यांची काळजी घ्या.

तुमचा
मेहुणा

ता. क. एक विचारायचं राहिलं. तुमच्या आई गेल्या त्या वेळी तुम्ही दफनभूमीत त्यांच्या रांगेत स्वतःसाठी एक जागा घेऊन ठेवली होती. तुमची बहीण आईंच्या आणि त्या जागेच्या मधोमध आहे. रखवालदाराने मला वही दाखवली. ती जागा तुम्ही मला द्याल का? पाळकसाहेब नवरा-बायकोबद्दलच बोलले, बहिणींबद्दल काही बोलले नाहीत. म्हणजे तुमचं नातं वरही शाबूत आहे. माझं जे आहे ते इथलंच. भिंतीजवळ दुसरी जागा आहे, सावलीची आहे, तुमच्यासाठी मी बघून आलो. दफनभूमीच्या समितीच्या नावे दोन ओळी लिहून पाठवा. (वर तब्येतीची चौकशी केली ती यासाठी नव्हे. तुम्ही शंभर वर्षं जगा. जागा मात्र आत्ता द्या.)

ता. क. २. तिच्या शेजारची जागा मी टेप लावून मोजली, मला पुरते. वाकून मोजताना उजवा गुडघा गेला. पट्टा बांधूनच हे लिहितोय. इथे कुणाला कळवू नका.