सव्वीस खणांचं घर

३ नोव्हेंबर

डिझाइनर येऊन गेली. वय पंचविशीचं, बोलणं संन्याशाचं! 'काकू, घराला मोकळा श्वास घेता आला पाहिजे.' म्हटलं, श्वास मी घेते, तू कपाटं बसव. एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली, कुठली फाइल कुठे ते डोळे मिटून सांगायचे. ही मला शांतता शिकवणार!

आराखडा मात्र बरा निघाला. भिंतभर पांढरी शटरं, हँडल नाही, दाबलं की उघडणार. आत सव्वीस खण. बाहेर एक चमचाही दिसणार नाही.

'छान आहे गं, ताई,' धाकटी म्हणाली. तिला काय, सगळंच छान.

५ नोव्हेंबर

या घरातला पसारा म्हणजे माझी बहीण. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली, त्याला आठ वर्षं झाली. येताना शिवणाचं हातमशीन, चिंध्यांच्या अकरा पिशव्या आणि बटणांचे डबे. टेलरच्या दुकानात दिवसभर शिवते ते पुरत नाही, सुट्टीलाही खिडकीशी मशीन मांडून खडखडाट! काही टाक म्हटलं की, 'लागतं गं कधीतरी.' ते कधीतरी अजून उगवायचंय.

९ नोव्हेंबर

वाद. मशीन खिडकीपाशी राहणार नाही, पॅसेजमधल्या खणात जाईल. शिवायचं तेव्हा काढायचं, झालं की आत. सरळ गोष्ट. तर बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी! 'माझं सगळंच दाराआड टाकलंस तर मी इथे पाहुणीच ना, ताई? मग राहू कशाला?'

म्हटलं, अडवलंय कुणी?

सुतार मध्येच कडमडला— 'मोठ्या बाई, खिडकीखाली दीड फूट सोडतो की! त्यांचं मशीन आरामात बसेल.' याला विचारलं होतं? रंधा मारायचा सोडून नसती पंचाईत.

१० नोव्हेंबर

दीड फूट सोडला नाही.

२८ नोव्हेंबर

काम संपलं. सुतार निघताना भिंत चाचपत बसला. 'बाई, माझी टेप आत राहिली, पण कुठल्या दाराआड?' स्वतःच बसवलेली दारं! एकोणीस उघडल्यावर मिळाली. वर दात काढून म्हणतो, 'चोर आला तर रडत जाईल बघा.'

धाकटीला नऊ खण दिले. प्रत्येकात आतून चिठ्ठी चिकटवली, कशात काय ठेवायचं त्याची. तिने वाचल्या. लगेच पिशव्या आत लावायला घेतल्या. बरंच झालं.

६ डिसेंबर

वळण लागतंय! रोज दुकानात जाताना एक पिशवी उचलते. कुठे नेतेस म्हटलं, तर 'साठवून काय करायचंय गं आता.' उशिरा का होईना, अक्कल आली. कौतुक केलं नाही. लगेच डोक्यावर बसते.

१२ डिसेंबर

डिझाइनर फोटो काढायला आली. 'काकू, इथे कुणी राहतं असं वाटतच नाही!' पोरगी बावळट आहे, पण नजर आहे तिला.

१८ डिसेंबर

चार दिवस घर कसं असावं तसं आहे. ओट्यावर उष्टा कप नाही, सोफ्यावर टाचणी नाही, बेसिनपाशी केस नाही. मी साडेआठला आडवी होते, ती नऊनंतर येते. सकाळी मी फिरून येईतो गेलेली असते. गाठ नाही, कटकट नाही. हे आधीच जमलं असतं तर आठ वर्षं माझं डोकं उठलं नसतं.

१९ डिसेंबर

उशी उसवली. सुई हवी होती म्हणून तिचा खण उघडला. रिकामा. शेजारचा— रिकामा. नऊच्या नऊ. मशीनही नाही. खोलीत गेले. गादीवर चादरसुद्धा नाही.

फोन केला.

'मंगळवारीच आले गं, ताई, दुकानावरच्या खोलीत,' म्हणाली. 'तुला आज कळलं?'