कोनाड्यातली डबी

निरवांगी, ता. इंदापूर
रथसप्तमी, १९५६

प्रिय म्हाळसा,

हे पत्र कुंडलिकभावजींकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. सावकाश लाव, पण तूच वाच.

माझी नात मजेत आहे. ऊन अंगणात आलं की तिला तेल लावतो, न्हाऊ घालतो. मग ती पोटभर पिते आणि डोळे टक्क उघडे असतानाच झोळीत जाते. तू घालून दिलेला क्रम आम्ही मोडलेला नाही. दाराला गोणपाट लावायचं, अंगावर गोधडी नाही, जुन्या लुगड्याचं मऊ धडपं घालायचं, एकच ओवी म्हणायची आणि बाजूला व्हायचं. पोर जरा कुरकुरली की आमच्या सूनबाईचे, ठमाचे हात उचलायला अजून शिवशिवतात. मग मी, तू धरायचीस तसा, तिचा पदर धरते आणि तुझंच बोलणं तिला ऐकवते, "अगं, ती रडत न्हाय, झोपंशी भांडतीया. भांडू दे की जरा." आणि खरंच, कुरकुर विरत जाते नि अंगठा तोंडात घालून बाई झोपी जातात.

तू हुरड्याला आलीस तेव्हा काय दशा होती! पोर दिवसभर किरकिरायची. कडेवर घेतल्याशिवाय डोळा मिटायची नाही, खाली ठेवली की जागी. वांग्यांचा तोडा सुरू झालेला, माल बारामतीच्या बाजारी जायचा, ठमाला रानात जाणं भाग होतं. त्या दिवशी आत्याबाईंनी कोनाड्यातली पितळी डबी काढली आणि अफूचा कण बोटावर घेतला. त्यात नवं काहीच नव्हतं. रानात जाणाऱ्या बायांची पोरं आपल्याकडे अशीच निजवायची. माझीही तशीच निजली. ठमा "नको" म्हणाली, तशा आत्याबाई नातसुनेवर फिस्कारल्या, "लई शानी झालीस! समद्या पोरांना दिलीया म्या. मेलं का कुनी?"

तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. तुझा हात थांबला.

तुझ्या सोपानचं नाव आपल्या घरात कुणी घेत नाही. तान्हा होता, दृष्ट लागली, झोपेतच गेला, एवढंच बोलायचं, तेही परक्यांपुढं. मला वाटलं, आज तू बोलणार. पण तू भाकरी तव्यावर टाकलीस, हात पुसलेस, पोर उचललीस आणि म्हणालीस, "आत्याबाई, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. आज म्या निजवते."

तुझा तो आजचा दिवस संक्रांतीपर्यंत चालला. भावजींचे निरोपावर निरोप यायचे आणि तू म्हणायचीस, "हातानं भाकरी थापून खावा म्हनावं, वाकड्या झाल्या तरी पोटात सरळच जात्यात." ठमा तेव्हापासून हसायला लागली. म्हाळसा, ज्या आढ्याला तुझ्या लेकराची झोळी होती, त्याच आढ्याला दोर बांधून तू माझी नात निजवलीस. टोमणा नाही की उसासा नाही. जावाजावांत आभार मानायची रीत नाही, पण मला दुसरा शब्द सापडत नाही.

तू गेल्यावर मला धास्तीच होती. डबी कोनाड्यात तशीच होती. परवा पोरीला पाजून मी आणि ठमा रानात गेलो, लगेच परतायचं म्हणून. पण भरल्या गाडीचा आख मोडला आणि कालव्याजवळ अडकून पडलो. घरी पणजी-पणती दोघीच. धावत आलो तर घर चिडीचूप. झोळी हलत नव्हती. कोनाडा रिकामा. मी पुढं झाले आणि पोरीच्या तळपायाला चिमटा काढला. तिनं असं भोकाड पसरलं म्हणून सांगू! इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मागून आत्याबाई कडाडल्या, "अगं भवाने, वव्या म्हनून म्हनून माजा घसा बसला, आन् तू उठिवलीस व्हय?"

डबी त्यांनी सकाळीच उकिरड्यात पुरली होती. तेही आम्ही विचारलं तेव्हा सांगितलं.

दिवेलागणीला त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "म्हाळसाला पत्र लिव. लिव, पोर अफूबिगर निजती." आणखी काय लिहू, म्हणून मी विचारलं. त्यांनी झोळीला हलका झोका दिला. मग म्हणाल्या, "सोपानबी निजला असता."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "हे लिहू का?" असं विचारलं, तर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि होकारार्थी मान हलवली. म्हणून हे पत्र.

तुझीच,
सारजाआक्का