आक्कांच्या भजनासाठी घेतलेलं मशीन

दादा, अजून दिसतं, तुम्ही आपल्या स्पीकरच्या दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसला आहात आणि मी आत केर काढते आहे. केर झाला की फडक्यानं कर्ण्यांवरची धूळ पुसायची, वायरी कोपराभोवती गुंडाळून खिळ्याला अडकवायच्या, मग काडीला कापूस लावून टेपचं हेड स्पिरिटनं पुसायचं. लोणंदचा बाजार असला तरी हे चुकायचं नाही. आपले कर्णे गावोगावच्या भजनाला भाड्यानं जायचे आणि तुम्ही तिथलं भजन टेपवर घेऊन यायचात. त्या सकाळी मला रेडिओवरचं एक गाणं घ्यायचं होतं. मी नुसतं लाल बटण दाबून बसले. तुम्ही कप खाली ठेवून ओरडलात, "आगं, दोन्ही बटणं एकदम दाबायची! आन् आदी थोडं घिऊन मागं फिरवून ऐकायचं. कानात आलं म्हंजी टेपात आलं असं न्हाई." मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, तुम्ही माझ्या लग्नात पाहिल्या होत्या. कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात त्या पुढं गातात आणि मी मागं टाळ वाजवते. यंदा त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही. ऑपरेशनच्या आधी देवळात एकच भजन होतं. ते रेकॉर्ड करायचं काम मंडळानं माझ्यावर टाकलं, मी स्पीकरवाल्याची लेक म्हणून.

सगळ्या म्हणाल्या, फोन आहे की. पण आमच्या मालकांचं शेवटचं भजन माझ्याकडे फोनवरच आहे. पखवाजावर थाप पडली की फोन आपला आपणच आवाज खाली ओढतो आणि त्यात मालक बुडतात. थाप थांबली की ते वर येतात, एखादा शब्द कळतो, की पुन्हा थाप. मालकांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा मी रडले नाही. आताही रडत नाही. स्वयंपाक करते, वाचनालयातून पुस्तक आणते, दोन दिवसांत संपवून परत देते.

सांगलीत मशीन घ्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं, "मावशी, कीर्तनकार हायसा का?"

"न्हाई. टाळकरी."

"मग यूट्यूबला टाकणार?"

"घरात ठेवणार."

त्यानं आधी मोठं मशीन काढलं. चार माइक लावायची सोय होती. चार माइक आणि चार वायरी सांभाळायला माझ्याकडे कोण आहे? मी लहान घेतलं. त्याच्याच डोक्यावर दोन माइक, आवाज हातानं कमी-जास्त करता येतो, आणि सेलवर चालतं, कारण देवळातली लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सोबत एक कार्ड आणि वाऱ्यासाठी स्पंजची टोपी घेतली. मशीन साधं असलं तर चालेल, पण हेडफोन सगळा कान झाकणारा हवा, असं मी म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा नीट बघायला लागला. बटण मात्र एकच होतं. मी विचारलं, "दोन न्हाईत?" म्हणाला, "एकच, मावशी. लय सोपं हाय."

तिपाई फोटोवाल्याकडून मागून आणली. पखवाजापासून लांब, आक्कांच्या छातीच्या उंचीला, त्यांच्यापासून दोन हातांवर मशीन ठेवलं. आक्का म्हणाल्या, "त्या काड्यापेटीत मावंल का गं माजा गळा?"

"मावंल की."

"मग खोकला तेवढा भाईर ठेव."

बायका हसल्या. मी बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. कानात आक्कांचा श्वाससुद्धा येत होता. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या वरखाली होत होत्या, त्या टोकाला लागू नयेत म्हणून मी सगळा वेळ बोट आवाज कमी-जास्त करायच्या चाकावर ठेवून होते. चार अभंग झाले. मग आक्का दमल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लावून बघितलं तर कार्ड कोरं. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून मी ती उघडलीच नव्हती. आता शब्दकोश घेऊन बसले. एकदा दाबलं की मशीन तयार होतं, दिवा लुकलुकतो, कानात ऐकूही येतं. पुन्हा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं आणि दिवा स्थिर राहतो. माझं मशीन सगळा वेळ नुसतं तयार होऊन बसलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. मिरजेला नेताना गाडीत आक्का म्हणाल्या, "आता ग्येला तर जाऊ दे आवाज. तुज्यापाशी हाय न्हवं." मी हं म्हटलं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडातून आवाज आला तो नुसता वारा. त्यांनी कानाकडे बोट नेलं, लाव म्हणून. मी म्हणाले, सेल संपलेत.

इथवर परवा लिहिलं. वहीच्या मागच्या पानांवर आहे; वाचायला तुम्ही नाही, म्हणून तिथंच राहील. बटण, दिवा, पट्ट्या हे सगळं ज्याला सांगावं असं माझ्या माहितीत तुमच्याशिवाय कुणी नाही.

काल सकाळच्या एसटीनं मिरजेला गेले आणि आक्कांना सांगितलं, त्यात काही नाही, माझंच चुकलं. त्या मोसंबी सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत. मग त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "तू तर ऐकलंस न्हवं? कानाला लावून?"

दादा, मी पट्ट्या बघत होते. कोणते चार अभंग झाले, तेही मला सांगता येणार नाही. मी व्हय म्हणाले.