सुकं पान

रविवार, संध्याकाळ

लेकीचा, लावण्याचा नाटकाचा प्रयोग बघून आत्ताच आलो. पोरगी स्टेजवर आजीसारख्या बिड्या वळणार आणि मैत्रीण कारखान्याची तपासनीस होऊन त्या खराब म्हणून मोडणार, एवढंच. माझी आई गेल्यापासून लेक गप्पच होती, म्हणून नको म्हटलं नाही. पण मार्केटात मी सांगत आलोय की आमचे वडिलांपासूनचे कापडाचे माग. खरं तर आई बिड्या वळायची, त्या पैशांवर माझं शिक्षण झालं. कशाला लपवलं इतकी वर्षं?

बिडीचं पहिलं पान चर्रकन फाटलं. तिसऱ्या रांगेत मला आवाजावरूनच कळलं, सुकं! भिजवलंच नव्हतं. मागच्या रांगेत बसलेल्या बिडीवाल्या बायका हसल्या, "अगं, आदी भिजवायचं असतंय की!" दुसरंही फाटलं, तेही सुकंच. लावण्याचा चेहरा पडला. राहवेना. स्टेजवर गेलो, पानं ओल्या रुमालात दाबली आणि एक बिडी वळली. मैत्रिणीनं मोडायला घेतली तर बायका ओरडल्या, "मोडू नगं, चांगली हाय!" लावण्या हसली, मग मोकळेपणानं रडली. किती दिवसांनी.

खाली आल्यावर शेजारच्या दुकानाचे सलीमभाई म्हणाले, "शेट, हे कुठं शिकलात?"

"आईजवळ. आमचे माग-बिग काही नव्हते."

ते जवळ सरकले. "माझी अम्मी पण वळायची. आमच्या सूनबाईला तेवढं सांगू नका."