दुसऱ्यासाठी उचललेला भंडारा

तात्या, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज सकाळपासून तुमची ही लेक तुमच्याशीच भांडतेय. संध्याकाळी नांद्याला माझी सभा आहे. मांडव उभा राहिलाय, कर्ण्यावर आमच्या नेत्याचं गाणं वाजतंय, हिंजवडीच्या कंपन्यांतून सुटलेली पोरंही येणार म्हणतात. सभेआधी तळव्यांना जी झिणझिणी येते ती आत्ताच सुरू झालीय. चहा दोनदा केला, दोनदा गार झाला.

हा नेता तुमच्या वेळी कुणाला माहीत नव्हता. आपल्या टेकड्या घशात घालणाऱ्यांना भर चौकात जाब विचारणारा पहिला माणूस. त्याच्यासाठी मी गावोगाव बोलले. त्याच्या ट्रस्टला परवानगी नसताना परदेशातून पैसा आला, असं म्हणत विरोधक कोर्टात गेले तेव्हा तर मी पेटलेच. गेल्या चंपाषष्ठीला आपल्या खंडोबासमोर, सगळ्या गावादेखत मी बेलभंडारा उचलला आणि म्हणाले, "बाहेरचा एक रुपया आला असेल तर ही जीभ झडो!" काय टाळ्या पडल्या, तात्या! पायरीवर बसलेली शेजारची काकी तेवढी बोलली, "काय गं, खंडोबा तुज्या सायबाचा जामीनदार हाय व्हय?" सगळे हसले. मीही हसले.

काल कोर्टात त्याच्याच वकिलांनी सांगितलं, पैसा आला होता. पण ट्रस्टच्या कामाला, पक्षाच्या नाही. गुन्हा आहे की नाही ते न्यायाधीश ठरवतील, आणि मला अजूनही वाटतं तो सुटेल. पण मी भंडारा उचलला होता तो एक रुपयाही आला नाही म्हणून. सकाळी तालुक्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला. "ताई, कोर्टाचं काय बी काढू नका. षडयंत्र म्हना, मांडव डोक्यावर घेतील लोकं. न्हाईतर हितनं पुढं तुमाला माईक मिळायचा न्हाई." मी म्हटलं, "बघते."

तेव्हापासून शाळेचं पटांगण डोळ्यांपुढून हलत नाही. मी पाचवीत आहे. वर्गातला पृथ्वीचा गोल फुटलाय, आणि तो माझ्या मैत्रिणीनं फोडला नाही म्हणून मी देवळातला भंडारा आणून शपथ घेतलीय. फोडला तिनंच होता. तुम्ही भाताच्या खाचरातून तसेच चिखलाच्या पायांनी येता, माझा दंड धरता.

"तू हुतीस तितं?"

"नाही."

"मग? भंडारा आपुन केल्याचा उचलायचा, न्हाईतर डोळ्यानं बघितल्याचा. दुसऱ्याच्या पोटातलं तुला काय म्हाईत?"

आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे मला उभं करता. मी म्हणते, "मी बघितलं नव्हतं." बास, एवढंच. माझं पहिलं भाषण ते.

त्यानंतर कपाटं भरतील इतकी पुस्तकं वाचली, मोठमोठ्या वकिलांशी वाद घातले, पण याहून अवघड वाक्य मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. आज सुरुवात त्याच वाक्यानं करणार आहे. मग त्याच माइकवरून नेत्याला विचारणार, पैसा आला होता तर आम्हाला का नाही सांगितलंत? साहेब, जाब विचारायला तुम्हीच शिकवलंत ना? टाळ्या पडोत नाहीतर चपला, मला बोलायचंय, तात्या, कधी एकदा पाच वाजतात असं झालंय!

दारात गाडी आली, हॉर्न वाजतोय. हा कागद देव्हाऱ्यात भंडाऱ्याच्या डबीखाली ठेवून निघते. एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पटांगणात तुम्हाला वाटलं, पोरगी लाजेनं थरथरतेय. लाज नव्हती ती. सगळी शाळा गप्प होऊन माझ्याकडे बघत होती, आणि मला ते फार आवडलं होतं.