सुगी झाली की

कोपरखैरणे,
रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

ती. अरुणाक्का हिस,
सुनीचा सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक. उत्कर्षाची दहावी तोंडावर आली, त्यामुळे घरात कुजबुजत बोलावं लागतं. हे पहाटे मार्केटात हमालीला जातात, मी महाप्याच्या कंपनीत पॅकिंगला. दाजींची दाढदुखी थांबली का? लवंगा चावून किती दिवस काढणार, एकदाची काढून टाका म्हणावं.

पुढच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध, म्हणून फोटोखाली लावायला चार ओळी मागितल्यास. 'तुझं अक्षर चांगलं' म्हणून मला कामाला लावलंस, लबाड आहेस. तीन कागद फाडले. 'कै. सत्यभामाआजी, कष्टाळू, प्रेमळ' इथवर येते आणि पेन हलत नाही.

कष्टाळू तर होतीच. ती निवांत बसलेली मला आठवतच नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा, हाक आली की उठायला सोपं. बाबांच्या वेळी खुरपतानाच कळा सुरू झाल्या, तर धरलेली पात शेवटापर्यंत खुरपूनच घरी आली. हे ती स्वतः हसत सांगायची आणि आपणही हसायचो. म्हशीनं एक वेळ वैरण सोडली की डॉक्टरला बोलावणं धाडायची. स्वतःला काही झालं की ओवा चावायचा नि खळ्यावर जायचं.

अक्का, शेवटच्या दुखण्यात तू तिच्या उशाशी बसून म्हणायचीस, 'कुणाला एका शब्दानं तरी सांगायचं होतं हिनं.' तेव्हा मी चहा करायला आत निघून जायचे. सांगितलं होतं तिनं. मला.

त्र्याण्णवच्या दिवाळीत मी माहेरी आले होते. पहिल्या अंघोळीला तिची पाठ चोळताना काखेच्या पुढं, छातीला, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. मी थांबले तशी तिनं माझं मनगट धरलं. "गप ऱ्हा. जुंधळा उभा हाय रानात. सुगी हुंदे, मग बघू. आत्ता कुनाला बोललीस तर माझं मेलेलं त्वांड बघशील."

मी घाबरले आणि गप्प बसले. ज्वारीची सुगी झाली, मग गहू, मग धाकट्या भावाचं लग्न. डॉक्टरकडे नेलं तेव्हा आषाढ लागला होता आणि उपाय उरला नव्हता. मेलेलं तोंड मी पाहिलंच. तुला राग येईल, येऊ दे. पण पुढचं वाच.

मलाही गाठ लागली आहे.

डाव्या बाजूला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अंघोळ करताना कळलं. दुखत नाही, आणि त्याचंच भय वाटतं, कारण तिचीही दुखत नव्हती. कंपनीत खोकी चिकटवताना हात आपोआप तिकडे जातो. शेजारची सखू विचारते, "काय गं, छातीत दुखतंय?" मी म्हणते, "अ‍ॅसिडिटी." उत्कर्षा लाडानं बिलगायला आली की मी अंग चोरते. पोरगी गोंधळून बघत राहते.

परवा इथल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी तपासलं, चिठ्ठी दिली. म्हणाल्या, "गुरुवारी, पंधरा तारखेला, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. सगळ्याच गाठी वाईट नसतात, पण उशीर करू नका." आणि माझ्या तोंडून काय निघालं, माहीत आहे? "मुलीची परीक्षा झाली की जाते." बोलून गेले आणि अंगावर काटा आला. मी नव्हतेच बोलत, आजी बोलत होती.

चिठ्ठी तांदळाच्या डब्यात लपवली आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. रोज ठरवते, हे जेवायला बसले की सांगेन, आणि ते जेवून झोपतातसुद्धा. दिवसभर पोती वाहून आलेल्या माणसाला काय सांगू, असं स्वतःलाच समजावते. तुला फोन केला असता, पण तुमचा फोन वाण्याच्या दुकानात, अख्खं गाव कान टवकारून ऐकणार.

अक्का, मला मरायचं नाही. फार भीती वाटते. परीक्षा संपली की मी दुसरं काहीतरी कारण काढीन, मला माझी खात्री नाही. पत्र मिळालं की निघ. चौदापर्यंत पोच. दारात आल्याबरोबर, ह्यांच्या आणि पोरीच्या देखत, मोठ्यानं विचार, "सुने, गाठ कुठंय?" म्हणजे मला खोटं बोलायला जागा राहणार नाही.

आधी ते विचार. चहापाणी मग.

भ्यालेली,
तुझी सुनी